क्लच : धरावा किती, सुटावा किती
लेखमाला : इंजिनापासून रस्त्यापर्यंत – लेखांक ९

कलघटगीतून जाणारा हुबळी-कारवार रस्ता पुढे यल्लापूर ओलांडतो, अरबैल घाट उतरतो आणि अंकोल्यापाशी समुद्राच्या जवळ पोचतो. किनाऱ्याकडून भरून येणाऱ्या ट्रकला हाच घाट चढावा लागतो. पुढे एखादी गाडी बंद पडली, रांग लागली, की चढावर पुन्हा पुन्हा गाडी उचलायची आणि प्रत्येक उचलीला क्लच प्लेट थोडी जाळायची, हे ठरलेलेच. त्यामुळे या रस्त्यावरच्या मेकॅनिकांना क्लच शिकवावा लागत नाही. गिअरबॉक्स उतरवून प्लेट हातात घेतली, की ड्रायव्हर पेडलवर पाय टेकवून गाडी चालवतो का, ऑइल सील गळतेय का, माल जास्त भरला जातो का, हे ते प्लेट बघूनच सांगतात.

ड्रॅग रेसच्या गाडीचा क्लच निवडताना हा अनुभव अर्धा उपयोगी पडतो आणि अर्धा आड येतो. ट्रकच्या क्लचचे आयुष्य किलोमीटरमध्ये मोजतात, ड्रॅगच्या गाडीचे उचलींमध्ये. अंतर फक्त पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. गाडी उभ्याने सुटते, सरळ रेषेत जाते आणि पंधरा सेकंदांच्या आसपास सगळे संपते. या पंधरा सेकंदांतला पहिला एक सेकंद क्लचचा असतो. ट्रकचा क्लच कधीच सुटू नये अशी अपेक्षा असते. इथे मात्र तो त्या पहिल्या सेकंदात ठरवून, मापून सुटायला हवा आणि नंतर जराही सुटता कामा नये. एकाच वस्तूकडून आपण दोन विरुद्ध कामे मागतो, म्हणून तिची निवड अवघड होते.

मागच्या आठवड्यात आपण टायर पाहिले. आज तिथूनच पुढे जायचे आहे, कारण माझे सांगणे असे आहे की ड्रॅगच्या गाडीचा क्लच टायरपासून मागे येत निवडावा. बहुतेक जण उलट करतात. इंजिनाचा टॉर्क बघतात, त्याच्या दुप्पट धरणारा क्लच मागवतात आणि 'आता सुटायचा प्रश्नच नाही' म्हणून निश्चिंत होतात. मग पहिल्याच उचलीला चाके जागेवर फिरतात, नाहीतर एक्सलचा जॉइंट तुटतो, आणि दोष गिअरबॉक्सवर जातो.

आधी साधा हिशेब बघू. क्लच किती टॉर्क धरू शकतो हे चार गोष्टींवर ठरते : अस्तराचा घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. या चारांचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता. छोट्या गाडीची २१५ मिलिमीटर व्यासाची प्लेट घेतली, आतला व्यास १५० धरला, तर सरासरी त्रिज्या सुमारे ०.०९ मीटर येते. ऑरगॅनिक अस्तराचा घर्षणांक ०.३ धरू, दाब ६००० न्यूटन, म्हणजे सहाशे किलोच्या वर. एका प्लेटच्या बाजू दोन. गुणाकार केला की ३२४ न्यूटन-मीटर. आपल्याकडे घरोघरी असलेल्या १.३ लिटर डिझेल स्विफ्टचे इंजिन कंपनीतून १९० न्यूटन-मीटर देत असे. म्हणजे अशा क्लचवर मूळ इंजिन निवांत चालते, आणि रीमॅप करून टॉर्क सव्वादोनशेच्या पुढे नेला तरी नव्या प्लेटवर चालायला हवे. प्लेट अर्धी झिजलेली असेल, दाब उतरला असेल, तर मात्र तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमला अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडीचा वेग मागे राहतो. रीमॅप केलेल्या डिझेल गाड्यांची ही नेहमीची तक्रार आहे. डिझेलचा टॉर्क खालच्या आरपीएमला एकदम येतो आणि वरच्या गिअरमध्ये तो सगळाच्या सगळा क्लचवर पडतो.

आता टायरकडून हिशेब करू. पुढच्या चाकांवर चालणारी ११०० किलोची गाडी घेऊ, ड्रायव्हर धरून. उभी असताना पुढच्या चाकांवर साठ टक्क्यांच्या जरा वर वजन असते. गाडी जोरात सुटली की नाक वर होते आणि पुढचे वजन हजार-अकराशे न्यूटनने मागे सरकते. उरलेल्या वजनावर रस्त्याच्या साध्या रेडियल टायरची पकड ०.९ धरली, तर टायर जमिनीला सुमारे ५००० न्यूटन ढकलू शकतात, त्याहून जास्त नाही. चाकाची त्रिज्या ०.२९ मीटर, म्हणजे एक्सलवर १४५० न्यूटन-मीटर. पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून गुणोत्तर १४ धरू. भागले की क्लचपाशी येतात जेमतेम १०४ न्यूटन-मीटर.

या आकड्यापाशी थोडे थांबायला हवे. इंजिन दोनशे देते, क्लच सव्वातीनशे धरतो आणि पहिल्या गिअरमध्ये टायर पेलतात फक्त शंभर. गाडी सुटताना अडचण क्लचच्या ताकदीची नसतेच. तिसऱ्या गिअरमध्ये गुणोत्तर पाच-सहावर येते, तेव्हा टायर इंजिनाचा सगळा टॉर्क आरामात घेतात आणि तिथे मात्र क्लचने पूर्ण धरायला हवे. सुरुवातीला शंभर आणि पुढे दोनशेच्या वर : ड्रॅगच्या क्लचकडून मागायचे ते नेमके हे.

आणखी एक गोष्ट मोठमोठ्या गॅरेजातही नीट सांगितली जात नाही. पेडलवरून पाय एकदम काढला, तर त्या क्षणी गिअरबॉक्सकडे जाणारा टॉर्क इंजिनाचा नसतो, तो क्लचच्या क्षमतेइतका असतो. फरक फ्लायव्हील भरून काढते. इंजिन अडीचशे देत असेल आणि क्लच सहाशे धरणारा असेल, तर वरचे साडेतीनशे फ्लायव्हीलच्या फिरण्यातून ओढले जातात. छोट्या गाडीच्या फिरत्या भागांचे जडत्व ०.१५ किलो-वर्ग मीटर धरले, तर पाच हजार आरपीएमला फिरणारे इंजिन पाव सेकंदाच्या आत शून्याकडे येईल, टायरनी धरले तर. टायरनी धरले की इंजिन बसते, गाडी झटका खाऊन थबकते. टायरनी सोडले की चाके फिरतात, धूर होतो. आणि टायर चांगले, रस्ता चिकट, इंजिनही बसले नाही, तर सहाशे गुणिले चौदा म्हणजे ८४०० न्यूटन-मीटर एक्सलच्या जॉइंटवर जातात. जॉइंट तुटतो. थोडक्यात, क्लचची क्षमता हीच गाडीच्या बाकी सगळ्या अंगांना बसणाऱ्या धक्क्याची कमाल मर्यादा असते. ती गरजेपेक्षा दुप्पट ठेवणे म्हणजे पैसे देऊन दुप्पट धक्का विकत घेणे.

हुबळी-कलघटगीच्या पट्ट्यातल्या वाचकाने ड्रॅग रेस बघायची किंवा करायची म्हटली, तर सगळ्यात परिचित जागा महाराष्ट्रात आहे : लोणावळ्यापलीकडची अॅम्बी व्हॅलीची धावपट्टी. तिथे गेल्या दशकापासून 'व्हॅली रन' भरत आली आहे. त्यात परदेशी महागड्या गाड्या धावतात आणि घरच्या हॅचबॅकही. आपल्याकडे वेगाच्या स्पर्धा विमानांच्या धावपट्टीवर भरवण्याची परंपरा जुनी आहे. चेन्नईजवळच्या शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर कित्येक वर्षे शर्यती झाल्या. पुढे १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टाईला कायमचा ट्रॅक आला. धावपट्टी सरळ, रुंद आणि मोकळी असते, म्हणून ती सोयीची. पण क्लच निवडताना एक फरक लक्षात ठेवावा लागतो. अमेरिकेतल्या ड्रॅग पट्टीवर सुरुवातीच्या भागात रबर घासून आणि चिकट द्रव फवारून जमीन तयार केलेली असते, आणि तिथले रुंद, मऊ स्लिक टायर साध्या रेडियलपेक्षा कितीतरी जास्त धरतात. तिथल्या गाड्यांसाठी बनवलेला, एकदम पकडणारा क्लच आपल्या साध्या डांबरावर, साध्या टायरवर लावला, तर तो चाके फिरवण्यापलीकडे काही करत नाही. छापील माहितीत सगळ्यात वर असलेला क्लच आपल्याकडे सगळ्यात मंद ठरू शकतो.

हवेचाही थोडा भाग आहे. लोणावळ्याच्या उंचीवर, म्हणजे सुमारे सव्वासहाशे मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी विरळ असते. हुबळीचीही उंची जवळपास तितकीच. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन तिथे तेवढा टॉर्क कमी देते. इथे जेमतेम धरणारा क्लच चेन्नईच्या हवेत सुटू लागतो, तो यामुळे.

आता उष्णतेचे पाहू, कारण क्लच मरतो तो उष्णतेने. पेडल सोडताना इंजिन एकाच आरपीएमवर राखले आणि गाडी शून्यापासून वेग घेत गेली, तर क्लच घट्ट होईपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, जवळपास तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. बाराशे किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरवर घट्ट झाली, तर ही ऊर्जा सुमारे ११५ किलोज्यूल. एक लिटर पाणी २७ अंशांनी तापवण्याइतकी. ऐकायला फार वाटत नाही. पण ती एका सेकंदात, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या वरच्या पातळ थरात शिरते, आणि आत झिरपायला तिला वेळ मिळत नाही. म्हणून पृष्ठभाग काही क्षण शेकडो अंशांवर जातो. लागोपाठ दोन-तीन उचली केल्या, मध्ये निवू दिले नाही, की पुढच्या उचलीला तोच क्लच वेगळा वागतो.

कलघटगीतल्या एका गॅरेजात बाकावर दोन प्लेट शेजारी पडल्या होत्या. एक घाटातून आलेल्या ट्रकची होती : अस्तर सगळीकडे सारखे झिजलेले, रिव्हेटची डोकी जवळजवळ वर आलेली, रंग मळकट तपकिरी. दुसरी एका मुलाच्या गाडीची, जिच्यावर उचलींचा सराव झाला होता. तिचे अस्तर अजून जाड होते. पण वरचा थर काळा आणि काचेसारखा चकचकीत झाला होता, बोट फिरवले तर सरकत होते, आणि मधल्या हबच्या स्प्रिंगांपैकी एक आपल्या खिडकीत खुळखुळत होती. तिच्या जोडीच्या फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग होते आणि त्या डागांत केसासारख्या बारीक भेगा. ट्रकची प्लेट झिजून गेली होती. ही जाडीला शाबूत राहून जळून गेली होती. मेकॅनिक म्हणाला, "हिला पॉलिश मारून उपयोग नाही, आतपर्यंत करपलीय." चकाकलेल्या अस्तराचा घर्षणांक पुन्हा मूळ जागी येत नाही, आणि निळा डाग म्हणजे बिडाची रचना तिथे बदलून ते कडक झाले आहे. लेथवर फेसिंग केले तरी कडक ठिपका उरतो, नवी प्लेट त्यावर उड्या मारते आणि गाडी सुटताना थरथरते.

अस्तराची निवड इथूनच सुरू होते. ऑरगॅनिक म्हणजे आपल्या रोजच्या गाडीतले. ते मऊपणे पकडते आणि पेडल सोडताना पायाला समजते, पण अडीचशे अंशांच्या आसपास त्याची पकड ढासळू लागते. केव्हलारसारख्या तंतूंचे अस्तर जास्त टिकते आणि पकडतेही मऊ. त्याचा घर्षणांक मात्र फार नसतो, त्याला बसायला वेळ लागतो आणि एकदा करपले की ते सुधारत नाही. ज्याला रोज गाडी वापरून वर्षातून एखाद्या वेळी धावायचे आहे, त्याने त्याचा विचार करावा. मग येते सेरामेटॅलिक, म्हणजे बटण प्लेट. भाताच्या चिखलात रोटाव्हेटर ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना ती नवी नाही. ती पाचशे अंशांपर्यंत हुं की चूं करत नाही, पण पकडते एकदम. घसरण थांबत आली की तिचा घर्षणांक आणखी चढतो, म्हणून शेवटच्या क्षणी ती झटक्यात लागते. गाडी थरथरते, ती यामुळेच. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, साध्या टायरच्या गाडीला ही प्लेट मी तरी सांगणार नाही, दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी. सगळ्यात वरचे आहे लोखंडी चूर्ण दाबून-भाजून केलेले सिंटर्ड अस्तर. ते उष्णतेत कितीही घसरू शकते, आणि खऱ्या ड्रॅगच्या गाड्या त्यावरच चालतात. पण ते एकट्याने उपयोगाचे नाही. त्याला तशीच प्रेशर प्लेट लागते.

ही प्रेशर प्लेट म्हणजे सुटताना कमी आणि पुढे पूर्ण धरण्याच्या अडचणीवर निघालेला खरा तोडगा. तिच्या स्प्रिंगांचा मूळ दाब मुद्दाम कमी ठेवतात आणि तो स्क्रूने कमीजास्त करता येतो. दाबणाऱ्या बोटांच्या टोकांना छोटी वजने असतात. आरपीएम वाढला की ही वजने बाहेर फेकली जातात आणि दाब वाढवतात, तोही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. सुटताना इंजिन पाच हजारांवर असते, तेव्हा क्लच हवा तेवढाच धरतो आणि घसरतो. गाडीने वेग घेतला, इंजिन सात हजारांकडे गेले, की वजनांचा दाब जवळजवळ दुप्पट होतो आणि क्लच घट्ट बसतो. टायर बदलले, धावपट्टी थंड निघाली, तर स्क्रू पाव फेरा फिरवायचा किंवा वजनातली एक वॉशर काढायची. अशा गाडीवर इंजिनाचा आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा आरपीएम वेगवेगळा नोंदवतात. दोन रेषा कुठे एकत्र येतात यावरून क्लच कधी घट्ट झाला ते कळते. साधारण एका सेकंदाच्या आसपास त्या मिळाल्या तर बरे. आधीच मिळाल्या तर इंजिन बसलेय किंवा चाके फिरलीत. फार उशिरा मिळाल्या तर प्लेट जळतेय.

आपल्याकडच्या हॅचबॅकसाठी अशी प्रेशर प्लेट शोधत बसण्याची गरज नाही. डायफ्रॅम क्लच ठेवूनच तोच परिणाम थोड्या खर्चात मिळतो : पेडल सुटण्याच्या शेवटच्या भागाचा वेग डॅम्परने किंवा हायड्रॉलिक नळीतल्या बारीक छिद्राने कमी करायचा. पाय एकदम निघाला तरी प्लेट हळूहळू दाबली जाते. कसलेला ड्रायव्हर हेच पायाने करतो, पण दहा वेळा सारखे करणे माणसाला जमत नाही. पहिल्या ६० फुटांत, म्हणजे सव्वाअठरा मीटरांत, एक दशांश सेकंद वाचला तर शेवटी दीड ते दोन दशांश वाचतात, असा ड्रॅगवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. तोच वेळ इंजिनातून काढायचा तर खर्च कितीतरी जास्त.

जिथे टॉर्क खरोखरच वाढला आहे, म्हणजे टर्बोच्या गाडीत तो साडेतीनशे-चारशेवर गेला आहे, तिथे क्षमता वाढवायलाच हवी. ती वाढवण्याचे चार मार्ग त्या गुणाकारातच आहेत, आणि लोक त्यातला सगळ्यात सोपा धरतात : दाब. दाब वाढवला की पेडल जड होते. गावातल्या वाहतुकीत पाय दुखतो हे एक वेळ सोसता येईल, पण पेडल दाबले असताना तोच वाढीव दाब रिलीज बेअरिंगमधून क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो आणि क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर पडतो. जड क्लचच्या गाडीत सिग्नलला पहिला गिअर टाकून, पेडल दाबून उभे राहणे म्हणजे थ्रस्ट वॉशर घासत बसणे. वॉशर झिजला की क्रँक मागेपुढे हलते, आणि मग क्लचचा खर्च इंजिनाच्या कामात जातो. प्लेटचा व्यास वाढवावा, तर बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचात, जागा नसते आणि जडत्वही वाढते. घर्षणांक वाढवला, तर बटण प्लेटचा झटका येतो. उरतो चौथा मार्ग, बाजू वाढवणे, म्हणजे दोन प्लेटचा क्लच. मला तोच पटतो. बाजू दोनच्या चार झाल्या की दाब तोच ठेवून, ऑरगॅनिक अस्तरावरच ३२४ चे ६४८ होतात, किंवा क्षमता तितकीच ठेवून दाब अर्ध्यावर आणता येतो. व्यासही लहान करता येतो; रेसिंगमध्ये १८४ मिलिमीटरच्या, म्हणजे सव्वासात इंची दोन प्लेट सर्रास वापरतात. मात्र दोन प्लेटचे मिळून वजन वाढले, तर गिअर बदलताना सिंक्रोनायझरला तेवढे जास्त थांबवावे लागते, म्हणून घेताना प्लेटचे वजन विचारून घ्या. किंमत जास्त आहे, यात वाद नाही.

डायफ्रॅम क्लचच्या एका खोडीची कल्पना असायला हवी. फार वरच्या आरपीएमला पेडल तळापर्यंत दाबले, तर डायफ्रॅमची बोटे मध्यरेषेच्या पलीकडे जातात आणि फिरण्याच्या जोराने तिथेच अडकून राहतात. पेडल जमिनीला चिकटते, गिअर बदललेला असतो आणि क्लच परत येत नाही. आरपीएम खाली आला की मगच बोटे सुटतात, तोवर शर्यत गेलेली असते. उपाय साधा : क्लच जिथे पूर्ण सुटतो त्याच्या जरा पुढे पेडलखाली एक स्टॉपर लावायचा.

फ्लायव्हीलचे प्रकरण मात्र साधे नाही, आणि आपल्या भागासाठी तर ते जिव्हाळ्याचे आहे. इथून वर कोल्हापूरपर्यंतचा पट्टा बिडाच्या ओतकामाचा आहे. बेळगावचा उद्यमबाग, कोल्हापूरचे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल. वाहन उद्योगाचे बिडाचे सुटे भाग या पट्ट्यातून देशभर जातात. त्यामुळे 'ओतून घेऊ, लेथवर हलके करून घेऊ' हा विचार इथल्या मुलाच्या मनात सहज येतो. रस्त्याच्या गाडीला बीड उत्तम. ते उष्णता पिते, घासणीला चांगले असते आणि स्वस्त पडते. पण ओतकामवाल्यांना ज्यांची सवय आहे तेच आकडे इथे लावून बघू. एफजी २६० म्हणजे ताणाखाली २६० मेगापास्कलला तुटणारे बीड. २८० मिलिमीटर व्यासाचे फ्लायव्हील साडेसात हजार आरपीएमला फिरले, तर त्याच्या काठाचा वेग सेकंदाला ११० मीटर होतो, म्हणजे ताशी ३९६ किलोमीटर. पातळ कड्याच्या सूत्राने त्या काठातला ताण येतो सुमारे ८७ मेगापास्कल. बरेच अंतर आहे, असे वाटेल. पण वजन कमी करायला पाडलेल्या भोकाच्या कडेला हाच ताण तिप्पटीपर्यंत जातो. ८७ गुणिले तीन, म्हणजे २६१. त्यात उचलींच्या उष्णतेने पडलेल्या केसासारख्या भेगा धरा. मघाशी बाकावर पाहिलेले फ्लायव्हील अशाच भेगांचे होते. बीड वाकत नाही, आधी सूचना देत नाही. ते एकदम फुटते, आणि बेलहाउसिंग ड्रायव्हरच्या पायांशेजारीच असते.

अमेरिकेत या जागी काय होऊ शकते, याची सगळ्यात गाजलेली घटना ८ मार्च १९७० ची. कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स या नामवंत ड्रॅग रेसरच्या गाडीचा दोन गिअरचा ट्रान्समिशन सुटतानाच फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. पुढच्या वर्षी ते इंजिन ड्रायव्हरच्या मागे असलेली गाडी घेऊन परतले आणि टॉप फ्युएल या सगळ्यात वेगवान वर्गातल्या गाड्यांची सगळी रचनाच त्या दिशेला वळली. आज तिथल्या नियमांनुसार पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर जाणाऱ्या क्लचच्या गाडीला एसएफआय या सुरक्षा-मानकांतल्या १.१ किंवा १.२ प्रमाणाचे फ्लायव्हील आणि क्लच सक्तीचे आहेत, आणि फुटलेले तुकडे अडवणारे बेलहाउसिंगही. आपली हॅचबॅक त्या वेळेच्या जवळ जाणार नाही. पण इंजिन साडेसहा-सात हजारांच्या पुढे फिरवणार असाल, तर अखंड पोलादातून कापलेले, कारखान्यात संतुलित केलेले फ्लायव्हील घ्यावे. बिडाच्या मूळ फ्लायव्हीलला भोके पाडू नयेत, ते घासून हलकेही करू नये. ते तसेच ठेवायचे असेल तर ठेवा, पण प्रत्येक क्लच बदलाच्या वेळी भेगा तपासा. फेसिंग करताना पायरीचे फ्लायव्हील असेल, तर घासणीची बाजू आणि बोल्टची बाजू सारखीच उतरवावी लागते. नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो आणि नवा क्लच पहिल्याच दिवसापासून सुटतो.

हलके घ्यावे की जड, हा वाद आहे. कमी टॉर्कच्या, वजनदार गाडीला जड फ्लायव्हीलची साठवण सुटताना मदत करते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, साध्या टायरच्या गाडीत तीच साठवण चाके फिरवायला जाते. म्हणून हॅचबॅकला मी मूळ वजनाच्या आसपास राहायला सांगेन.

मग कलघटगीच्या मुलाने गाडी अॅम्बी व्हॅलीला न्यायची तर घ्यावे काय? इंजिन मूळ असेल किंवा थोडे रीमॅप केलेले असेल, तर मूळ व्यासाची नवी ऑरगॅनिक प्लेट, स्प्रिंगचा हब, आणि इंजिनाच्या शिखर टॉर्कपेक्षा पाव पट जास्त धरणारी प्रेशर प्लेट. बस. उरलेले पैसे टायरमध्ये घाला. भरवशाचा माल दूर नाही. जपानी एक्सेडी कंपनीचा क्लचचा कारखाना छत्रपती संभाजीनगरला आहे, पूर्वी तो सीके दाइकिन म्हणून ओळखला जाई. 'स्टेज वन', 'स्टेज थ्री' अशा नावांवर जाऊ नका, त्यांना कोणतेही ठरलेले माप नाही. दुकानदाराला दाब किती, व्यास किती आणि अस्तर कोणते, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या दुकानात जा. क्लच बसवला की लगेच उचली मारू नका. पाचशे ते आठशे किलोमीटर गावात, थांबत-सुटत चालवू द्या, म्हणजे अस्तर फ्लायव्हीलवर पूर्ण टेकते. अर्धवट टेकलेली प्लेट पहिल्या उचलीला ठिपक्या-ठिपक्यांनी करपते. सरावासाठी यल्लापूरचा रस्ता वापरू नका. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे आणि त्या रस्त्यावर बैलगाड्या, शाळकरी मुले आणि दिवे नसलेले ट्रॅक्टर असतात.

क्लचने झटका मऊ केला तरी दुसऱ्या गिअरला जाताना दात कडकड वाजतातच. ते का वाजतात, आणि सरळ दातांचा गिअरबॉक्स कोणी घ्यावा व कोणी घेऊ नये, हे पुढच्या आठवड्यात.